वाचकांचे प्रश्न : अख्ख्या सागरी जीवात जनुकाचा ठावठिकाणा

गेल्या अंकात सी अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या डिंभाचे (पिल्लू अवस्थेचे) एक छायाचित्र छापले होते. पारदर्शक, टोकदार देह आणि त्याच्या आत गडद जांभळ्या पेशींच्या दोन रांगा, एवढेच त्यात दिसत होते. खाली ‘सांगाडा घडवणाऱ्या पेशींमधील एका जनुकाची अभिव्यक्ती’ अशी एक ओळ होती. त्या एका ओळीवर सांगली जिल्ह्यातून, आणि थोडी कराडकडूनही, जी पत्रे आली त्यांतील निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. समुद्रापासून दूर, कृष्णाकाठी राहणाऱ्या वाचकांनी या विषयात इतके नेमके प्रश्न विचारावेत याचा मला मनापासून आनंद झाला. सारख्या आशयाची पत्रे एकत्र घेतली आहेत आणि काही ठिकाणी मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : शरीरातील प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात, असे आम्ही वर्गात शिकवतो. मग छायाचित्रात ते जनुक मोजक्याच पेशींत कसे दिसले? बाकीच्या पेशींत ते नव्हते काय? (माध्यमिक शाळेतील एक शिक्षिका, विटा)

आपण शिकवता ते बरोबर आहे. छायाचित्रातील ज्या पेशी रंगहीन दिसतात, त्यांच्याही केंद्रकात ते जनुक आहेच. फरक आहे तो वापराचा. घरोघरी पंचांग एकच असते, परंतु ज्या घरात लग्न ठरले आहे तेथे मुहूर्तांचे पान उघडलेले असते आणि शेजारच्या घरात कोणी एकादशी पाहत असते. पेशींचेही तसेच आहे. जे जनुक वापरात असते त्याच्या डीएनएवरून संदेशवाहक आरएनएच्या प्रती निघतात आणि त्या प्रतींवरून प्रथिन घडते. छायाचित्रात रंगल्या आहेत त्या या आरएनएच्या प्रती. म्हणून ‘येथे जनुक दिसले’ असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो तेव्हा ‘त्या जनुकाच्या प्रती येथे जमल्या आहेत’ इतकाच काटेकोर अर्थ घ्यावा.

सी अर्चिनच्या बाबतीत ही गोष्ट फार देखण्या रीतीने उलगडते. फलित अंड्याचे चार वेळा विभाजन होऊन १६ पेशी झाल्या की तळाशी चार अगदी लहान पेशी वेगळ्या ओळखू येतात. त्यांना मायक्रोमिअर म्हणतात. पुढच्या विभाजनात त्यांच्यापासून किंचित मोठ्या आणि किंचित लहान अशा दोन प्रकारच्या पेशी होतात. त्यांतील मोठ्यांचे वंशज काही तासांनी भ्रूणाच्या पोकळीत उतरतात, तेथे वलय करून बसतात आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या बारीक काड्यांचा सांगाडा रचू लागतात. एसएम-५० हे त्या काड्यांमध्येच बंदिस्त होणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक आहे. त्याच्या प्रती शोधल्या तर रंग नेमका या वंशजांमध्ये उमटतो. आतड्यात उमटत नाही आणि बाहेरच्या आवरणातही नाही. विशेष म्हणजे पहिली काडी दिसण्याच्या आधीच तो उमटलेला असतो. डोळ्यांना अजून काहीच वेगळे दिसत नसताना कोणत्या पेशीने कोणते काम अंगावर घेतले आहे हे कळावे, यासाठीच या पद्धतीचा एवढा खटाटोप केला जातो.

प्रश्न : आमच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत ऊतीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, मेणाचा ब्लॉक करून, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप घेतल्याशिवाय काहीच रंगवता येत नाही. अख्ख्या प्राण्याच्या आत रंग पोहोचतो कसा? आणि आमचे नेहमीचे फॉर्मॅलिन या कामाला चालेल काय? (एक तंत्रज्ञ, मिरज)

आपला प्रश्न या सगळ्या पत्रांत मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण या पद्धतीचे यश नव्वद टक्के वेळा पहिल्या तासातच ठरते असे माझे मत आहे, आणि आपण बोट नेमके तेथेच ठेवले आहे.

आधी तत्त्व सांगतो. या पद्धतीला होल-माउंट इन सिटू हायब्रिडायझेशन म्हणतात. ज्या आरएनएचा शोध घ्यायचा त्याच्या अक्षरक्रमाला पूरक अशी आरएनएची साखळी प्रयोगशाळेत तयार करतात. तिला प्रोब म्हणतात. प्रोब तयार करतानाच तिच्यात डायगॉक्सिजेनिन या रेणूची खूण गुंफलेली असते. हा रेणू डिजिटॅलिस या वनस्पतीतून मिळतो आणि प्राण्यांच्या शरीरात तो मुळातच नसतो, म्हणून त्याच्याविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड प्राण्याच्या इतर कशाला चुकून चिकटण्याचा संभव कमी असतो. त्या प्रतिपिंडाला अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम जोडलेले असते, आणि शेवटी एनबीटी व बीसीआयपी ही दोन रसायने दिली की एन्झाइम जेथे असेल तेथे न विरघळणारा जांभळा साका बसतो. आपण आयएचसी (प्रतिपिंडांच्या साहाय्याने ऊती रंगवण्याची पद्धत) करत असाल तर यातला उत्तरार्ध आपल्या ओळखीचा आहे, आणि स्तनाच्या कर्करोगात एचईआर-२ जनुकाच्या तपासणीसाठी मोठ्या केंद्रांत जी फिश चाचणी करतात ती याच कुळातली आहे. जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी १९६९ मध्ये किरणोत्सारी प्रोब वापरून या कुळाचा पाया घातला. किरणोत्सर्ग टाळून, काप न घेता, अख्ख्या भ्रूणात डायगॉक्सिजेनिनच्या प्रोबने रंग आणण्याची रीत १९८९ मध्ये डीटहार्ड टाउट्झ आणि क्रिस्टीन फाइफले यांनी फळमाशीच्या भ्रूणात दाखवून दिली, आणि तेथून ती समुद्री जीवांच्या अभ्यासकांकडे झपाट्याने पसरली.

आता आत पोहोचण्याविषयी. सी अर्चिनचे अंडे साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे असते आणि नव्याने घडलेला डिंभही मिलिमीटरच्या काही दशांशांएवढाच असतो, त्यामुळे जाडीची अडचण मुळातच बेताची असते. तरीही पेशींची आवरणे ओलांडावी लागतात. मिथेनॉलमध्ये ठेवल्याने आवरणांतील स्निग्धांश बराचसा निघून जातो, ट्वीन-२० सारखा सौम्य साबण मदत करतो, आणि प्रोटिनेज-के हे प्रथिने तोडणारे एन्झाइम काही मिनिटांपुरते दिले की वाटा मोकळ्या होतात. ही काही मिनिटे फार जपून ठरवावी लागतात. कमी पडली तर प्रोब आत शिरत नाही आणि जास्त झाली तर भ्रूणाचे बाह्य आवरण सोलून हातात येते. म्हणून या पायरीनंतर लगेच पुन्हा एकदा स्थिरीकरण (रसायनाने ऊती आहे त्या अवस्थेत टिकवणे) करतात. मग ५० टक्के फॉर्मामाइड असलेल्या द्रावणात, बहुधा ५५ ते ६५ अंश सेल्सिअस तापमानाला, प्रोबसह किमान एक रात्र आणि काही प्राण्यांच्या बाबतीत दोन-तीन दिवस नमुना ठेवतात. कवच, काइटिनचे आवरण किंवा चिकट स्राव असलेल्या प्राण्यांना प्रत्येकी वेगळे उपाय लागतात. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील संधिपाद प्राण्याच्या टणक आवरणाला भेगा पाडण्यासाठी अतिध्वनी लहरींचा अल्प मारा करतात, शिंपल्यांच्या पिलांचे कवच ईडीटीएने विरघळवतात आणि रंगीत प्राण्यांचा मूळ रंग हायड्रोजन पेरॉक्साइडने उतरवतात.

आपल्या फॉर्मॅलिनबाबत मात्र मी स्पष्टपणे ‘नको’ असे सांगेन. रोजच्या वापरातील १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण सुमारे ४ टक्केच असते, म्हणजे मात्रा योग्य आहे. अडचण क्षारांची आहे. माणसाच्या शरीरद्रवाची परासरणीय तीव्रता (विरघळलेल्या कणांचे प्रमाण) सुमारे ३०० मिलिऑस्मोल असते, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १,०००, आणि सागरी अपृष्ठवंशी प्राण्यांचे शरीरद्रव बहुतांशी समुद्राच्या पाण्याइतकेच तीव्र असतात. माणसाच्या ऊतींसाठी बेतलेल्या द्रावणात असा भ्रूण टाकला तर स्थिरीकरण पूर्ण होण्याआधीच पाणी आत घुसते, पेशी फुगतात, काही फुटतात आणि आकार बिघडतो. म्हणून पॅराफॉर्माल्डिहाइडचे ताजे ४ टक्के द्रावण समुद्राच्या पाण्यात, किंवा मॉप्स नावाच्या बफरमध्ये सुमारे ०.५ मोलर मीठ घालून तयार करतात. येथे फॉस्फेटचा बफर टाळण्यालाही कारण आहे: समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम भरपूर असते आणि फॉस्फेटशी गाठ पडताच त्यांचा साका धरतो, जो नमुन्यावर बारीक वाळूसारखा बसतो. शिवाय जुन्या फॉर्मॅलिनमध्ये फॉर्मिक आम्ल तयार होते हे आपण जाणताच. सी अर्चिनच्या डिंभाच्या काड्या चुनखडीच्या असल्याने त्या आम्लात झिजतात.

आणखी एक गोष्ट. समुद्रफूल (सी अॅनिमोनी) किंवा वलयी कृमी यांना थेट स्थिरीकरणाच्या द्रावणात टाकले तर ते आकसून गोळा होतात आणि मग कोणता रंग कोणत्या अवयवात आहे हे कोणालाच सांगता येत नाही. त्यांना आधी मॅग्नेशियम क्लोराइडचे सुमारे ७.५ टक्क्यांचे द्रावण समुद्राच्या पाण्यात मिसळून सावकाश शिथिल करतात. समुद्रफुलाची स्पर्शके हळूहळू पसरतात, सुईच्या टोकाने हलकेच स्पर्श केला तरी मागे घेतली जात नाहीत, आणि मगच स्थिरीकरण करायचे असते.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेतील पानांचा नमुना प्रयोगशाळेत दिला तेव्हा तेथे पान वाटून पीसीआर चाचणी केली आणि दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. इतकी सोपी सोय असताना एवढे दिवस घालवून अख्खा प्राणी रंगवायचा कशासाठी? (एक बागायतदार, तासगाव)

आपल्या पानात रोगाचा विषाणू आहे की नाही, आणि असल्यास साधारण किती, हे आपल्याला हवे होते. तो पानाच्या शिरेत आहे की कडेला, याने आपल्या फवारणीत फरक पडत नव्हता. नमुना वाटला की ‘किती’ हे उत्तम कळते आणि ‘कुठे’ हे कायमचे पुसले जाते. भ्रूणाच्या अभ्यासात प्रश्नच ‘कुठे’चा असतो.

सायोना या सागरी प्राण्याचे उदाहरण घ्या. बंदरातील खांबांना आणि बोटींच्या तळाला चिकटून राहणारा हा पिशवीसारखा जीव पाहून कोणालाही तो आपला आप्त वाटणार नाही. परंतु त्याचा डिंभ बेडकाच्या पिलासारखा शेपटीने पोहतो आणि त्या शेपटीत पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीला आधार देणारा लवचीक दंड असतो, जो आपल्याही भ्रूणावस्थेत काही काळ असतो. सायोनाचा डिंभ सुमारे २,६०० पेशींचा आणि त्याचा पृष्ठरज्जू बरोबर ४० पेशींचा असतो. ब्रॅक्युरी या जनुकाच्या प्रती भ्रूणात शोधल्या तर रंग त्याच पेशींच्या पूर्वजांमध्ये उमटतो. असा भ्रूण वाटून पीसीआर केला असता तर ब्रॅक्युरी चालू आहे एवढेच समजले असते, आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांशी या पिशवीचे नाते सांगणारा पुरावा हातचा निसटला असता.

प्रश्न : रंग उमटला म्हणजे जनुक तेथे आहे, असे मानण्याला आधार काय? रंग चुकीच्या जागीही बसू शकतो ना? (प्राणिशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी, सांगली)

बसू शकतो, आणि बसतो. रंगीत चित्र पाहून हरखून जाण्याऐवजी तुम्ही ही शंका घेतलीत, याबद्दल तुमचे अभिनंदन करतो. या सदरात मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची असेल तर ती हीच, की जांभळा डाग हा साक्षीदार आहे आणि त्याची उलटतपासणी झाल्याशिवाय त्याचे म्हणणे मान्य करू नये.

पहिला संशय प्राण्याच्या स्वतःच्या एन्झाइमवर घ्यावा. रंग आणणारे अल्कलाइन फॉस्फेटेज आपण बाहेरून आणतो खरे, पण सी अर्चिनच्या डिंभाच्या आतड्यात याच जातीचे एन्झाइम निसर्गतःच भरपूर असते. इतके की आतडे तयार झाले की नाही हे पाहण्यासाठी अभ्यासक अनेक दशके त्याच एन्झाइमचा रंग वापरत आले आहेत. आता समजा, तुमच्या जनुकाचा रंग आतड्यात दिसला. तो तुमच्या प्रोबमुळे आला, की आतड्यानेच तो आणला? ६५ अंशांच्या गरम द्रावणात रात्रभर राहिल्यावर प्राण्याचे स्वतःचे एन्झाइम बहुधा निकामी होते, परंतु ‘बहुधा’वर निष्कर्ष उभा करता येत नाही. म्हणून त्याच तुकडीतील काही भ्रूण प्रोब न देता आणि काही प्रतिपिंड न देता, बाकी सर्व पायऱ्यांतून तसेच नेतात. त्यांचे आतडेही जांभळे झाले तर मूळ चित्र बाजूला ठेवावे.

दुसरा संशय पोकळ्यांवर. भ्रूणाच्या आतील पोकळी, घसा, आतड्याचा पोकळ भाग अशा जागी प्रोब आणि प्रतिपिंड साचून राहतात व धुऊन निघत नाहीत. मग तेथे धूसर, कडा नसलेला रंग दिसतो. खऱ्या रंगाचे लक्षण असे, की तो पेशीच्या सीमेत राहतो. बऱ्याचदा केंद्रक रिकामे आणि त्याच्याभोवतीचा पेशीद्रव भरलेला दिसतो, कारण आरएनएच्या प्रती बहुतांशी पेशीद्रवात असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, माझ्या मते, या एका खुणेकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे.

तिसरा संशय चिकट ऊतींवर. मृदुकाय प्राण्यांच्या डिंभात कवच तयार करणारी ग्रंथी जवळजवळ कोणत्याही प्रोबला धरून ठेवते. नवख्या अभ्यासकाला वाटते की आपले जनुक कवच घडवण्याच्या कामात आहे, आणि तो दुसरे जनुक तपासतो तर तेही तेथेच, तिसरेही तेथेच. ऊतीवरील विद्युतभार कमी करण्यासाठी ट्रायइथेनॉलअमाइन आणि अॅसेटिक अॅनहायड्राइड यांची एक पायरी घालतात. तिने हा त्रास पुष्कळ कमी होतो.

विद्यापीठांतून ‘सेन्स प्रोब’ नावाचा एक कंट्रोल, म्हणजे पडताळणीसाठीचा जोड-प्रयोग, शिकवतात. शोधायच्या आरएनएसारखाच अक्षरक्रम असलेली साखळी दिली तर ती त्याला जुळू शकत नाही, म्हणून रंग येऊ नये, अशी ही कल्पना आहे. तो जरूर करावा, परंतु तेवढ्यावर थांबणे मला पुरेसे वाटत नाही, कारण त्या साखळीचा अक्षरक्रम मूळ प्रोबपेक्षा वेगळा असल्याने तिचा चिकटपणाही वेगळा असू शकतो आणि काही जनुकांच्या जागी उलट्या धाग्याच्याही प्रती निघतात. याहून भरवशाच्या तपासण्या दोन आहेत. ज्याचे स्थान अनेकांनी तपासून पक्के केले आहे अशा जनुकाची प्रोब त्याच तुकडीत, त्याच दिवशी चालवावी. सी अर्चिनमध्ये एसएम-५० हे काम चोख करते. आणि आपल्या जनुकाच्या दोन वेगवेगळ्या भागांवर दोन स्वतंत्र प्रोब तयार कराव्यात. दोघींनी एकच जागा दाखवली तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

रंग कधी थांबवायचा हाही याच प्रश्नाचा भाग आहे. एनबीटी आणि बीसीआयपी प्रकाशात आपोआप काळवंडतात, म्हणून नळ्या अंधारात ठेवतात आणि मधून मधून काढून पाहतात. सुरुवातीला भ्रूणावर विटकरी-गुलाबी छटा येते आणि ती अपेक्षित जागी दाट होत जांभळी होते. त्याच वेळी उरलेल्या देहावरही फिकट गुलाबी सावली चढू लागते. ती दिसली की धुवायला घ्यावे. लोभाने अर्धा तास जास्त ठेवला तर खरी जागा आणि पार्श्वभूमी यांतला भेदच मावळतो.

प्रश्न : रंग जितका गडद तितके जनुक जास्त कार्यरत, असे समजायचे काय? आणि आरएनए दिसला म्हणजे प्रथिनही तेथे असणारच ना? (वैद्यकीय शिक्षण घेणारा एक विद्यार्थी, मिरज)

दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे. एन्झाइम थकत नाही. वेळ दिला तर ते साका वाढवतच राहते. वीस मिनिटांत गडद झालेले जनुक आणि दोन दिवस ठेवून गडद केलेले जनुक छायाचित्रात सारखेच दिसते. ‘किती’ हे जाणायचे असेल तर प्रकाशमान रेणूंनी आरएनएची एकेक प्रत ठिपक्यासारखी दाखवणाऱ्या पद्धती वापरतात. हायब्रिडायझेशन चेन रिअॅक्शन ही त्यांपैकी आज सागरी प्राण्यांत फार रुळलेली पद्धत आहे. तिच्या २०१८ मधील सुधारित रूपात प्रत्येक ठिकाणी दोन अर्ध्या प्रोब शेजारी-शेजारी बसल्या तरच चमक निर्माण होते. एकटी प्रोब भलतीकडे चिकटली तर काहीच उजळत नाही. वर उल्लेखलेल्या बऱ्याच संशयांचे निराकरण त्यामुळे रचनेतच होते, आणि तीन-चार जनुके वेगवेगळ्या रंगांत एकाच भ्रूणात पाहता येतात.

प्रथिनाबाबत समुद्रानेच दिलेला एक धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. सी अर्चिनच्या अंड्यात आईकडून आलेल्या आरएनएच्या प्रतींचा साठा असतो आणि फलन होईपर्यंत त्यांतील बहुतेक वापरल्या जात नाहीत. टिम हंट यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत फलनानंतरच्या प्रथिनांचा माग काढताना, प्रत्येक विभाजनाच्या वेळी नाहीसे होणारे आणि पुन्हा वाढणारे सायक्लिन हे प्रथिन शोधले, ज्यासाठी त्यांना २००१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आरएनए साठ्यात होता, प्रथिन मात्र येत-जात होते. प्रथिनाचा ठाव हवा असेल तर त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड वेगळे चालवावे लागते.

प्रश्न : हे सर्व मेलेल्या प्राण्यात झाले. जिवंत प्राण्यात जनुक चालू-बंद होताना पाहता येत नाही काय? (एक वाचक, पलूस)

पाहता येते, आणि त्याचे साधनही एका सागरी अपृष्ठवंशी प्राण्यानेच दिले आहे. ओसामू शिमोमुरा यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर येथे इक्वोरिया जातीच्या जेलीफिश गोळा करून त्यांच्या प्रकाशाचा अभ्यास केला. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात मुख्य शोध एक्वोरिन या प्रथिनाचा होता आणि हिरवी चमक देणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाची नोंद त्यासोबत आली. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये त्या हिरव्या प्रथिनाचे जनुक दुसऱ्या जीवांत घालून ते तेथेही चमकते हे दाखवले. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना आणि रॉजर त्सिएन यांना मिळाले. आज सी अर्चिनच्या अंड्यात, एखाद्या जनुकाला चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला हे जनुक जोडून सुईने सोडले, तर ते मूळ जनुक ज्या पेशींत जागे व्हायचे त्या पेशी जिवंत डिंभात हिरव्या चमकतात.

तथापि दोन मर्यादा सांगायला हव्यात. चमकणारे प्रथिन टिकाऊ असल्याने जनुक बंद झाल्यावरही काही काळ उजेड राहतो; म्हणून सुरुवात पाहायला ते उत्तम, शेवट पाहायला नाही. आणि अंड्यात सुई घालणे ज्या प्राण्यात जमते त्यातच हे शक्य होते. समुद्रातील बहुसंख्य जातींची अंडी प्रयोगशाळेत मिळतच नाहीत. अशा जातीचे चार-सहा भ्रूण हाती लागले तरी त्यांना मिथेनॉलमध्ये उणे २० अंशांना जपून ठेवून पुढे सवडीने तपासता येते, हा जुन्या जांभळ्या रंगाचा मोठाच गुण आहे.

प्रश्न : आता प्रत्येक पेशीतील सगळा आरएनए वाचणारी यंत्रे आली आहेत. अशा वेळी एकेक जनुक रंगवत बसणे कालबाह्य होणार नाही काय? (एक प्राध्यापक, कराड)

सर, ती यंत्रे जो तक्ता देतात तो थक्क करणारा आहे. परंतु पेशी यंत्रात घालण्यासाठी भ्रूण आधी सुटा करावा लागतो आणि तक्त्यातील हजारो पेशींचे पत्ते तेथेच हरवतात. अमुक गटातील पेशी एकसारख्या आहेत हे यंत्र सांगते. त्या डोक्यात आहेत की पायाशी, हे सांगण्यासाठी त्या गटाचे खास जनुक निवडून अख्ख्या भ्रूणात रंगवावेच लागते. प्लॅटिनेरिस या सागरी कृमीच्या बाबतीत अभ्यासकांनी अनेक जनुकांची अशी चित्रे एकाच प्रमाणित देहाकृतीवर संगणकाने एकावर एक बसवली आणि त्या नकाशावरून सुट्या पेशींना त्यांची जागा परत मिळवून दिली. माझ्या समजुतीप्रमाणे यंत्रांमुळे रंगकामाची गरज वाढली आहे, कारण तपासण्याजोग्या जनुकांची यादी रोज लांबत आहे.

प्रश्न : आम्हा काही विद्यार्थ्यांना या विषयावर प्रकल्प करायचा आहे. समुद्र लांब आहे आणि महाविद्यालयाची प्रयोगशाळा साधी आहे. कोठून सुरुवात करावी? (पदवीच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थी, सांगली)

समुद्रावर जाऊन दिसेल ते उचलून आणू नका, ही पहिली सूचना. प्रवाळ आणि समुद्रकाकड्या यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा सहज म्हणून पिशवीत घालायचा नसतो.

समुद्रफुलांचा गोड्या पाण्यातील नातलग म्हणजे हायड्रा. स्वच्छ, संथ पाण्यातील पाणवनस्पतींच्या पानांखाली तो सापडतो आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. त्याच्यासाठी खाऱ्या द्रावणांची खटपट लागत नाही. बाकी रसायने आणि पायऱ्या वर सांगितल्याप्रमाणेच असतात. डब्ल्यूएनटी-३ या जनुकाचा रंग हायड्राच्या तोंडाच्या अगदी टोकावर उमटतो, आणि डोके कापून टाकले तर काही तासांतच कापलेल्या टोकावर तो नव्याने दिसू लागतो. नेमॅटोस्टेला या समुद्रफुलात याच कुळातील जनुके तोंडापासून तळापर्यंत एकाखाली एक पट्ट्यांत कार्यरत असल्याचे २००५ मध्ये दिसून आले. म्हणजे तुम्ही तळ्यातला प्राणी घेतलात तरी प्रश्न समुद्राच्याच वाटेवरचा राहतो.

प्रोब तयार करणे आणि गरम फॉर्मामाइडमध्ये काम करणे हे मात्र साध्या प्रयोगशाळेत करू नये. फॉर्मामाइड गर्भाला अपायकारक आहे आणि पॅराफॉर्माल्डिहाइडची वाफ डोळ्यांना व श्वासाला बाधते, त्यामुळे फ्यूम हूड (वाफा बाहेर खेचून घेणारी पेटी) हवेच. हायड्रा जोपासणे, डोके कापून पुन्हा उगवण्याची तासागणिक नोंद व रेखाटने करणे, युरेथेनच्या २ टक्के द्रावणात त्यांना शिथिल करण्याचा सराव करणे, एवढे तुम्ही प्राध्यापकांच्या देखरेखीखाली महाविद्यालयात करू शकता. ते नीट जमले की कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील किंवा पुण्यातील एखाद्या प्रयोगशाळेला विभागप्रमुखांच्या सहीने पत्र लिहा. त्यात कापल्यानंतर किती तासांनी कोणते बदल दिसले याचा तक्ता जोडा, किती तासांचे नमुने रंगवून हवे आहेत हे नेमके लिहा, आणि प्रोब नसलेले व डब्ल्यूएनटी-३ चे असे दोन्ही कंट्रोल तुमच्या नमुन्यांबरोबर एकाच तुकडीत चालवावेत अशी विनंतीही त्याच पत्रात करा.